बरोलो आणि दिनूकाकांचं नाक

आपल्या घरांत दह्याचे रिकामे डबे कसे साठतात हे कोणालाच सांगता येत नाही. मुद्दाम कोणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. आमच्या ग्रुपचे वाइनचे किस्से असेच साठलेत. परवा ऑफिसच्या जेवणात कोणीतरी नुसतं "रेड की व्हाइट?" विचारलं, आणि मी एकटीच हसत सुटले. शेजारच्या बाईनं काळजीनं मला पाणी आणून दिलं.

ग्रुप म्हणजे काही फार मोठा नाही. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधली तीन घरं. एक आमचं, म्हणजे मी आणि माझा नवरा सलील. दुसरं प्रशांतचं. तो नागपूरचा, रोज प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेननं न्यूयॉर्क गाठतो. त्याची बायको नर्स, वीकेंडला तिची ड्यूटी असते, त्यामुळे हा बहुधा एकटाच उगवतो. आणि तिसरं घर दिनूकाका-सुनंदाकाकूंचं. दोघं डॉक्टर, दोघं पुण्याचे, आता दोघं रिटायर्ड. काका भूलतज्ज्ञ, काकू लहान मुलांच्या डॉक्टर. काकू वाइनला शिवत नाहीत, पण वाइनवर सगळ्यात जास्त त्याच बोलतात.

महिन्यातून एकदा काकांकडे जमायचं आणि एक चांगली इटालियन रेड उघडायची, हा नियम काकांचा. आणि इटालियन म्हणजे काकांच्या लेखी फक्त बरोलो. इटलीच्या उत्तरेकडच्या टेकड्यांवर होणारी ही वाइन. तिच्या रंगावर गेलात तर फसलात! कोकम सरबतात पाणी जास्त पडल्यासारखा फिका रंग, कडेला थोडी विटकरी झाक. तुम्ही म्हणणार, ही काय करणार? आणि पहिल्याच घोटाला ती जीभ अशी ओढून धरते की कच्चं जांभूळ परवडलं. मग हळूहळू सोडते. मग गुलाब येतो, सुकलेली चेरी येते, आणि काका म्हणतात तसा, नव्या रस्त्यावरच्या डांबराचा वास येतो.

पण त्यासाठी थांबावं लागतं. आधी बाटली तळघरात वर्षानुवर्षं आडवी, मग उघडल्यावर काही तास नुसती उघडी. आणि मी म्हणजे मायक्रोवेव्ह वाजायच्या आधीच दार उघडणारी बाई. सोफ्यावर दहा मिनिटं बसले तर माझ्या अंगाला मुंग्या येतात. तरी मी या ग्रुपमध्ये टिकले, याचं श्रेय काकूंच्या भरल्या वांग्यांना आहे.

* * *

पहिल्याच बैठकीचा किस्सा. काकांनी बाटली उघडली, काचेच्या सुरईत ओतली आणि म्हणाले, "आता तीन तास."

"काय तीन तास?" प्रशांतनं विचारलं.

"थांबायचं. तिला श्वास घेऊ दे."

आम्ही थांबलो. म्हणजे मी थांबले नाही, मी घरभर फिरले. काकूंची झाडं बघितली, फ्रिजवरचे फोटो बघितले, तेच फोटो परत बघितले. सलील फोनवर क्रिकेट बघत होता. प्रशांत दर पाच मिनिटांनी सुरईपाशी जाऊन यायचा. शेवटी काका मागच्या डेकवर फोन घ्यायला गेले तेव्हा प्रशांत हळूच म्हणाला, "हवाच लागते ना हिला? मग मिक्सरमध्ये फिरवून घेऊ की! मी व्हिडिओ पाहिला आहे."

मला ते फारच शास्त्रीय वाटलं. आम्ही अर्धी वाइन काकूंच्या मिक्सरमध्ये घातली आणि फिरवली. छान गुलाबी फेस आला. तो बसल्यावर परत सुरईत ओतली, मिक्सर धुऊन पुसून जागच्या जागी ठेवला आणि भजन ऐकायला बसल्यासारखे बसलो.

काका आत आले. दारातच थबकले. सुरई अजून दोन हात लांब होती.

"सुनंदा," त्यांनी हाक मारली, "काल मिक्सरमध्ये लसणीची चटणी केलीस का गं?"

* * *

असं ते नाक होतं. काकूंचं म्हणणं, हे नाक घेऊन जगणं सोपं नाही. फ्रिजमध्ये कापलेला अर्धा कांदा कितव्या कप्प्यात आहे ते काका हॉलमधून सांगायचे. गाडीत बसल्या बसल्या आधी कोण बसून गेलं ते सांगायचे. काकू म्हणायच्या, "एवढं नाक मी कॉलेजात असताना वापरलं असतंस तर मला गजऱ्यावर इतके पैसे घालवावे लागले नसते."

एकदा काकांनी आमची परीक्षा घेतली. सगळ्यांनी ग्लासात नाक घालायचं, डोळे मिटायचे आणि काय येतंय ते सांगायचं. सलील म्हणाला, गुलाब. तो घोकून आला होता. मी म्हणाले, वडिलांच्या जुन्या कातडी बॅगेसारखं काहीतरी. काका इतके खूश झाले की उठून उभे राहिले. मग प्रशांतची पाळी आली. त्यानं खूप वेळ डोळे मिटले, दोनदा हुंगलं, ग्लास फिरवला, परत हुंगलं.

"काका," तो म्हणाला, "खरं सांगू? मला तर वाइनचाच वास येऊन राहिला आहे."

* * *

जानेवारीत एकदा बैठक नेमकी संकष्टीला आली. प्रशांतचा उपवास. आईला शब्द दिलाय, त्यामुळे अमेरिकेतही मोडत नाही. पण तो आला होता, आणि टेबलावर सुरईत बरोलो होती.

"द्राक्षं उपवासाला चालतात," प्रशांतनं मुद्दा मांडला.

"चालतात," काकू म्हणाल्या. "वर्षानुवर्षं नासवलेली चालतात का ते आईला विचार."

त्यानं खरंच फोन केला असता, पण नागपुरात पहाट होती. शेवटी ठरलं, चंद्र दिसला की सोडायचा. आणि न्यू जर्सीचं जानेवारीतलं आकाश! राखाडी गोधडी पांघरल्यासारखं. प्रशांत जॅकेट घालून ड्राइव्हवेवर फेऱ्या मारतोय, मला बसवत नाही म्हणून मी त्याच्याबरोबर फेऱ्या मारतेय, सलील फोनवर चंद्रोदयाची वेळ काढून खिडकीतून ओरडतोय, "उगवलाय! ॲप म्हणतंय उगवलाय!" काकूंची साबुदाण्याची खिचडी दोनदा गरम करून झाली.

एकटे काका शांत. खुर्चीत मागे रेलून, ग्लास नाकाशी धरून बसले होते. "चंद्र काय नि बरोलो काय," ते म्हणाले, "आपल्या घाईनं येत नाहीत."

प्रशांतनं शेवटी ढगालाच नमस्कार केला आणि आत आला. साबुदाण्याच्या खिचडीबरोबर बरोलो कशी लागते हे इटलीत कोणाला ठाऊक नसेल. वाईट नाही लागत!

* * *

पुढच्या किश्शाची सुरुवात गमतीची आहे, पुढचं सगळं तसं नाही.

त्याच हिवाळ्यात काकांना जोराचा फ्लू झाला. आठवडाभर झोपून होते, मग बरे झाले, उठले, आणि सकाळी चहावरून भांडण सुरू झालं. "आलं घातलं नाहीस." काकूंनी दुसऱ्या दिवशी जास्त घातलं. "आज पण नाही घातलंस." तिसऱ्या दिवशी काकूंनी रागानं अख्खा तुकडा किसून घातला. काकांनी कप तोंडाला लावला, डोळ्यांत पाणी आलं, घसा जळाला, ठसका लागला. आणि ठसका थांबल्यावर म्हणाले, "तिखट कशानं झालाय? आलं तर नाहीये."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठल्या, स्वयंपाकघरातून हिंगाची डबी आणली आणि उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. काकांनी विचारलं, "काय आहे हे?"

हे काकूंनी आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही आधी हसलो. मग कोणी हसलं नाही.

काकांच्या जुन्या मित्रानंच तपासलं. तो कान-नाक-घशाचा डॉक्टर. म्हणाला, येईल परत, किंवा नाही येणार, वाट बघ. आता वाट बघण्यात या माणसाचा हात कोण धरणार? पण ही वाट निराळी होती. रिटायर व्हायच्या कितीतरी आधीपासून काकांनी तळघरात बरोलो जमवून ठेवली होती, पुढे निवांतपणे प्यायची म्हणून. इतकी वर्षं ती तयार होत होती. आणि आता ती तयार झाली, तर नाक गेलं.

"आयुष्यभर लोकांच्या संवेदना घालवायचं काम केलं," काका मला म्हणाले, "पण त्यांना परत आणून देत होतो गं मी." मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी भांडी घासायला घेतली.

* * *

शांत माणूस बिघडला की घरातली घड्याळंसुद्धा जोरात वाजायला लागतात. काका बसेनात. माझ्यापेक्षा जास्त फिरायला लागले. जिन्यावरून वरखाली, तळघरात जाऊन बाटल्यांवरून हात फिरवून परत वर. शेजारच्या अमेरिकन बाईच्या गुलाबाच्या झुडपात इतका वेळ डोकं घालून उभे राहिले की तिनं आतून येऊन विचारलं, "आर यू ओके, डॉक्टर?"

त्यांची मुलगी नेहा ॲरिझोनात चँडलरला असते. बागांची डिझाइन करते, जन्म इथलाच. तिनं वास ओळखायच्या सरावाच्या छोट्या बाटल्या पाठवल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. व्हिडिओ कॉलवर ती दम द्यायची, "बाबा, ट्वाइस अ डे! नो चीटिंग!"

बाटल्यांनी काही होईना, तेव्हा काकांनी ठरवलं की वास जोरदार पाहिजेत. व्हिक्स झालं, डांबराच्या गोळ्या झाल्या, सलीलचे पळायचे बूटसुद्धा झाले. सलीलला तो मोठा मान वाटला.

एक दिवस मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन चालले होते, वाटेत गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरायला थांबले. आमच्या न्यू जर्सीत गॅस आपण भरायचा नाही, पंपावरचा माणूस भरतो, आपण गाडीत बसायचं. मी कार्ड देतेय तोवर काका दार उघडून खाली उतरले, पंपापाशी गेले आणि वाकून नळी हुंगायला लागले. पंपावरचा पंजाबी माणूस धावत आला. काय सांगणार त्याला? मी खाली उतरून कसंबसं सांगितलं, अंकल का स्मेल चला गया है.

त्यानं काकांकडे नीट बघितलं. मग एकदम अदबीनं म्हणाला, "सर, सूंघने का पैसा नहीं लगता. लेकिन बैठ के सूंघिए!" आणि काकांना गाडीत बसवून, काच खाली करून, त्यानं गॅस लागलेला आपला हातमोजा त्यांच्या नाकाशी धरला. मागे गाड्यांची रांग लागली तरी धरून उभा राहिला.

"येतोय का?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "पण माणूस चांगला आहे."

* * *

बैठका मात्र काकांनी बंद केल्या नाहीत. फक्त त्या आमच्याकडे व्हायला लागल्या. आणि तिथेच तो पास्त्याच्या वाइनचा प्रकार घडला.

त्या दिवशी काकांनी आपली बरोलो आणली होती. सलीलनं ती सुरईत ओतायची होती. पण किचनच्या ओट्यावर दोन बाटल्या होत्या, एक ती आणि एक मी सॉसमध्ये घालायला आणलेली स्वस्तातली. सलील एका डोळ्यानं क्रिकेट बघत होता. बाकी काही सांगायला नको.

आम्ही घोट घेतला आणि मला आणि प्रशांतला लगेच कळलं. आम्ही सलीलकडे बघितलं, सलीलनं ओट्याकडे बघितलं. पण तोवर काकांनी सुरुवात केली होती. ग्लास उजेडाकडे धरून, डोळे मिटून ते सांगत होते. आधी गुलाब, वाळलेला, पुस्तकात ठेवलेल्या पाकळ्यांसारखा. मग चेरी. मग बघा हं, मागून येतो तो डांबराचा! इतकं सुरेख ते कधीच बोलले नव्हते. सगळं आठवणीतून काढून बोलत होते.

मी आणि सलीलनं माना डोलावल्या. प्रशांतला लपवता येत नाही. काकांनी डोळे उघडले आणि त्याचा चेहरा बघितला.

"कुठली होती?" त्यांनी विचारलं.

"सॉसची," मी म्हणाले.

काका हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. मग ग्लास खाली ठेवला आणि हसणं थांबलं. "दिवाळीपर्यंत वाट बघतो," ते म्हणाले. "नाहीतर बाटल्या तुम्ही वाटून घ्या. नाक नसलेल्या माणसाकडे बरोलो ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे." काकू म्हणाल्या, "दिनू, उगाच काहीतरी बोलू नकोस." पण त्या एवढंच बोलल्या, आणि काकू एवढंच बोलतात तेव्हा मला भीती वाटते.

* * *

दिवाळीच्या आदल्या रविवारी काकांनी बोलावलं. दुपारी.

काकू गॅरेजमध्ये चकल्या तळत होत्या. घरात तळलं तर नाताळपर्यंत पडद्यांना वास राहतो, म्हणून शेगडी गॅरेजमध्ये मांडायची आणि दार अर्धं उघडं ठेवायचं, ही त्यांची वहिवाट. आत डायनिंग टेबलावर काकांनी तळघरातल्या सगळ्या बाटल्या आणून उभ्या केल्या होत्या. आडवं राहण्याची सवय झालेल्या त्या बाटल्या तिथे फार केविलवाण्या दिसत होत्या. काकांनी कोणती कोणी न्यायची ते सांगून टाकलं. कोणाला हात लावावासा वाटेना. काका म्हणाले, "न्या रे, अवघडू नका." तेव्हा प्रशांतनं, त्यांचा मान राखायला म्हणून, त्याला दिलेल्या बाटल्यांतली सगळ्यात जुनी जॅकेटमध्ये गुंडाळली आणि गाडीत ठेवून आला.

"एक आत्ता उघडू," काका म्हणाले. "निरोपाची."

बूच निघालं, वाइन ग्लासांत पडली. त्या दिवशी तीन तासांची गोष्ट कोणी काढली नाही. सलील पहिला म्हणाला, "वा! गुलाब!" प्रशांत म्हणाला, "काका, काय चीज आहे! चेरी तर अशी येऊन राहिली..." मला काही ते गुलाब-चेरी मिळेना. काहीतरी कोंदटच लागत होतं. पण काकांसमोर आज असं कसं म्हणायचं? मीही म्हणाले, "अप्रतिम."

काकांनी आपला ग्लास सवयीनं नाकाशी नेला. मघापासून त्यांचा पाय टेबलाखाली हलत होता, तो थांबला. त्यांनी ग्लास खाली आणला. परत वर नेला. माझ्याकडे बघितलं, सलीलकडे बघितलं.

"कोणी एक शब्द बोलू नका," ते म्हणाले. "सुनंदाला बोलवा."

मी गॅरेजकडे पळाले. काकू हातात झारा घेऊनच आल्या, मनगटापर्यंत पीठ. "काय झालं? शेगडी चालू आहे माझी." काकांनी ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला. काका श्वाससुद्धा घेत नव्हते.

काकूंनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. "ई! हे काय रे? आपल्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं होतं ना, तेव्हा ती भिजलेली खोकी... तसलं घाणेरडं!"

"ओला पुठ्ठा," काका म्हणाले. "मी ओला पुठ्ठा म्हणणार होतो. बूच बिघडलंय. सगळी बाटली खराब झाली आहे, सुनंदा."

काकू झारा हातात घेऊन खुर्चीत बसल्या. हातांना पीठ होतं म्हणून डोळे कोपरानं पुसत होत्या. सलील आणि प्रशांत आपापल्या ग्लासांकडे बघत होते, गुलाब आणि चेरी शोधत. मग सलील ओशाळून उठला, बाटली घेतली आणि सिंककडे निघाला.

"हात लावू नकोस तिला!" काका ओरडले. त्यांनी बाटली त्याच्याकडून काढून घेतली, आपला ग्लास काठोकाठ भरला, डोळे मिटून मोठा घोट घेतला, आणि तोंड वेडंवाकडं करून गिळला. मग दुसरा घेतला.

आणि डोळे न उघडताच म्हणाले, "प्रशांत, ती गाडीतली परत आण बे!"